ठासणीच्या बंदुकीने हरणाची शिकार : गोळी कोणती, दारू किती

आमच्या आजोबांकडे कणकवलीजवळच्या गावी परवान्याची ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायची, बंदूक होती. परवाना शेतीसंरक्षणाचा. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची, निकाल लागला की परत यायची, आणि मधल्या काळात बागेत माकडांचं राज्य. "आजोबा, दारू किती घालायची?" असं विचारलं की ते मूठ अर्धी मिटून दाखवायचे. तेच माप, तीच पद्धत. मी पेन्सिल्व्हेनियात आल्यावर काही वर्षांनी ठासणीची बंदूक घेतली तेव्हा हाच मुठीचा हिशेब डोक्यात होता. पहिल्या दिवशी रेंजवरून परतलो तो खांदा निळा करून. पन्नास यार्डांवरच्या कागदावर पाच गोळ्यांपैकी दोन लागल्या होत्या, त्याही एकमेकींपासून वीतभर लांब.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषय संपला. हे सगळं अमेरिकेतलं आहे, इथल्या व्हाइटटेल हरणाबद्दल आहे, आणि इथे राहणाऱ्या ज्या मराठी मंडळींना ऑफिसातल्या कुणी "ये की एकदा आमच्याबरोबर" म्हटलंय त्यांच्यासाठी आहे. रायफलच्या मोसमापेक्षा ठासणीचा मोसम शांत असतो. जंगलात माणसं कमी असतात आणि एकच बार असल्यामुळे माणूस आपोआप विचार करून चाप ओढतो. पेन्सिल्व्हेनियात तर नाताळनंतरचा मोसम फक्त चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या बंदुकीचा असतो. १९७४ पासून चालत आलाय. ऑक्टोबरात मादीसाठी वेगळा मोसम असतो, त्यात आधुनिक ठासणीची बंदूकही चालते.

सुरुवातीलाच माझं म्हणणं सांगून टाकतो. बार नळीला विचारून भरायचा. डब्यावर छापलेला आकडा, दुकानदाराचा सल्ला आणि मित्राची बढाई या तिन्ही गोष्टी दुसऱ्या कुणाच्या तरी नळीबद्दल असतात.

आधी कागदपत्रं

पहिल्यांदा शिकारीचा परवाना काढणाऱ्याला हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. पेन्सिल्व्हेनियात वय कितीही असो, यातून सुटका नाही. कोर्स चांगला असतो, कंटाळा करू नका.

एच-वनबीसारख्या व्हिसावर असलेल्यांनी जरा थांबून वाचा. अशा व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला फेडरल कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे. त्याला जे अपवाद आहेत, त्यांतला एक म्हणजे चालू मुदतीचा शिकारीचा परवाना. ठासणीची, काळ्या दारूची बंदूक फेडरल व्याख्येत सहसा 'अँटिक' धरली जाते आणि तिला नेहमीच्या बंदुकीचे नियम लागत नाहीत. पण राज्यांचं तसं नाही. इलिनॉयमध्ये ठासणीच्या बंदुकीलाही तिथलं ओळखपत्र लागतं. व्हिसाचा प्रश्न असेल तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा आणि मगच दुकानात पाऊल टाका.

दुसरं, ज्या राज्यात शिकार करणार तिथली नियमपुस्तिका बंदूक घेण्याआधी वाचा. कारण गोळी आणि दारू काय चालते हेच राज्याराज्यात बदलतं. कोलोरॅडोत ठासणीच्या मोसमात दुर्बीण चालत नाही, प्लास्टिकच्या कवचातली गोळी चालत नाही आणि दारूच्या वड्याही चालत नाहीत. मोकळीच दारू लागते. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिसं बंद आहे. म्हणजे एका राज्यात जमवलेला सगळा सरंजाम दुसऱ्या राज्यात बेकायदा ठरू शकतो.

पायरी पहिली : नळीचा पीळ बघा

बंदुका तीन प्रकारच्या. चकमकीची, म्हणजे घोड्यात गारगोटी बसवलेली. केपाची, म्हणजे छोट्या तांब्याच्या टोपीवर घोडा आपटणारी. आणि इनलाइन, म्हणजे दिसायला आधुनिक रायफलसारखी, मागून २०९ नंबरचं प्रायमर (दारू पेटवणारी छोटी टोपी) बसवायची. पण गोळी निवडताना या प्रकारापेक्षा महत्त्वाचा असतो तो नळीच्या आतल्या आट्यांचा, म्हणजे वळत गेलेल्या खाचांचा पीळ.

नळीवर बारीक अक्षरांत कॅलिबर (नळीचा आतला व्यास, ५० म्हणजे अर्धा इंच) आणि पीळ कोरलेला असतो. 'एकास ४८' याचा अर्थ गोळी ४८ इंच जाईपर्यंत स्वतःभोवती एक फेरा घेते. आकडा लहान तितका पीळ घट्ट. गोल गोळीला फार गिरकी लागत नाही, तिला एकास ६० ते ७० असा सैल पीळ मानवतो. लांबट गोळीला घट्ट पीळ हवा, म्हणून इनलाइनच्या नळ्या बहुतेक एकास २८ च्या असतात. एकास ४८ ही मधली तडजोड. दोन्ही चालतात, आणि नशीब चांगलं असेल तर दोन्ही चांगल्या चालतात.

माझ्या पहिल्या दिवसाचा घोळ इथेच होता. जुन्या बाजारातून घेतलेली चकमकीची बंदूक, पीळ एकास ६६, आणि मी तिच्यात लांबट शिशाच्या गोळ्या ठासत होतो. कागदावरची भोकं गोल नव्हती, किल्लीच्या भोकासारखी लांबट होती. गोळी आडवी होऊन जात होती. तसं भोक दिसलं की दारू वाढवून किंवा कमी करून बघत बसू नका. गोळी बदला.

पायरी दुसरी : गोळी

हरणासाठी ५० कॅलिबर घ्या आणि तो प्रश्न मिटवून टाका. ४५ ने होतं, ५४ ने जास्त चांगलं होतं, पण ५० चा माल प्रत्येक दुकानात मिळतो.

गोल गोळी शुद्ध, मऊ शिशाची हवी. ५० च्या नळीत ०.४९० इंचाची गोळी बसते, वजन साधारण १७७ ग्रेन (ग्रेन म्हणजे पाउंडाचा सात हजारावा भाग). ती नळीला थेट टेकत नाही. तिच्याभोवती सुती कापडाची तेलकट चकती असते, तिला पॅच म्हणतात. जाडी ०.०१५ किंवा ०.०१८ इंच. हीच चकती आट्यांत रुतते आणि गोळीला फिरवते. कापड घट्ट विणीचं, शंभर टक्के सुती. पॉलिस्टर वितळतं. मी एकदा जुन्या शर्टाचे पॅच कापले होते, बायकोने लेबल दाखवलं तेव्हा कळलं की चाळीस टक्के भेसळ आहे.

गोल गोळीची मर्यादा मान्य करून चाला. नळीतून ती सेकंदाला १९०० फुटांच्या आसपास वेगाने निघू शकते, पण हवेत तिचा आकारच तिला नडतो. शंभर यार्डांपर्यंत जवळजवळ निम्मा वेग गेलेला असतो. म्हणून दुर्बिणीशिवाय, नळीच्या टोकावरच्या उघड्या माशीने नेम धरून पन्नास ते पंचाहत्तर यार्ड ही तिची खरी हद्द. या अंतरात आडव्या उभ्या हरणाच्या फुप्फुसांतून ती सरळ आरपार जाते. तिरक्या, समोरून येणाऱ्या किंवा पाठमोऱ्या हरणावर ती चालवू नये.

लांबट शिशाची गोळी म्हणजे कॉनिकल. हॉर्नाडी कंपनीची ग्रेट प्लेन्स ५० कॅलिबरमध्ये ३८५ ग्रेनची येते, म्हणजे गोल गोळीच्या दुपटीहून जड. हाड फोडते, खोल जाते, आणि खांद्यालाही तितकंच जाणवतं. एक धोका मात्र नवख्याला कुणी सांगत नाही. बंदूक तोंड खाली करून दिवसभर खांद्यावर वागवली तर ही गोळी हळूहळू दारूपासून सुटून पुढे सरकते. गोळी आणि दारू यांच्यात पोकळी राहिली की नळी फुगू शकते, फाटूही शकते. म्हणून दर तासाभराने गज (गोळी ठासायची काठी) आत घालून गोळी जागेवर आहे का ते बघायचं. बघताना प्रायमर किंवा केप काढलेली, तोंड अंगापासून लांब.

तिसरा प्रकार सॅबो. प्लास्टिकच्या कवचात बसवलेली आधुनिक गोळी. ५० च्या नळीसाठी आतली गोळी सहसा ०.४५२ इंचाची, आणि व्हाइटटेलसाठी २५० ग्रेनची भरपूर होते. नळीतून बाहेर पडताच कवच गळून पडतं. एकास २८ च्या इनलाइनमध्ये ही सगळ्यात सोपी आणि लांब पल्ल्याची. यातही पूर्ण तांब्याची गोळी मिळते. मी आता तीच वापरतो. शिशाच्या गोळीचे बारीक कण मांसात पसरतात, आणि घरी लहान मुलं तेच मटण खातात. गोळीमागे दोन-तीन डॉलर जास्त जातात. वर्षाला हरणं किती मारणार आहोत आपण?

नवख्याला एका वाक्यात सांगायचं तर, चकमकीची किंवा सैल पिळाची बंदूक असेल तर पॅचमधली गोल गोळी. इनलाइन असेल तर २५० ग्रेनची सॅबो.

पायरी तिसरी : दारूचा प्रकार

इथे चूक झाली तर दुरुस्तीला जागा नसते, म्हणून आधी मनाई. आधुनिक काडतुसात असते ती बिनधुराची दारू ठासणीच्या बंदुकीत घालायची नाही. चिमूटभरही नाही, मिसळूनही नाही. तिचा दाब काळ्या दारूच्या कितीतरी पट चढतो आणि नळी चेहऱ्यापासून फूटभर अंतरावर असते. बिनधुराच्या दारूसाठीच बनवलेल्या मोजक्या बंदुका आहेत, पण हा लेख वाचणाऱ्याकडे ती नसणार.

खरी काळी दारू म्हणजे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. दाण्याच्या जाडीवरून तिचे नंबर, एफ जितके जास्त तितका दाणा बारीक. ५० आणि त्यावरच्या नळीला दोन एफ, ४५ ला तीन एफ, आणि चार एफ फक्त चकमकीच्या बंदुकीच्या बाहेरच्या वाटीत. या वाटीतल्या दारूला मराठीत जुना सुंदर शब्द आहे, रंजक. आजोबांच्या पिढीनंतर तो माझ्या कानावर पडला नव्हता. इथे मी पोरांना तो शिकवला, आता ती 'रंजक घातली का?' असं विचारतात, अमेरिकन उच्चारात.

चकमकीच्या बंदुकीला खरी काळी दारूच लागते. बाकीच्या पर्यायी दारवा ठिणगीने भरवशाने पेटत नाहीत.

त्या पर्यायांत पायरोडेक्स सगळ्यात जुनी आणि स्वस्त, मापाला काळ्या दारूइतकीच धरायची. ट्रिपल सेव्हनमध्ये गंधक नाही, साफसफाई सोपी, पण त्याच मापात तिचा जोर साधारण १५ टक्के जास्त. म्हणून माप तितकं कमी करायचं. तिची एक खोड आहे. एक-दोन बार झाले की गोळी बसते त्या जागी कडक काजळीचं कडं तयार होतं आणि पुढची गोळी तिथे अडते. दोन बारांमध्ये ओला फडका फिरवलात तर त्रास नाही. ब्लॅकहॉर्न २०९ महाग, पण अनेक बार साफ न करता काढता येतात. तिला २०९ चं गरम प्रायमरच लागतं, केपाच्या बंदुकीत ती चालत नाही.

वड्यांचं म्हणाल तर पन्नास ग्रेनची एक, दोन टाका, झालं. जंगलात थंडीने बोटं आखडलेली असताना हे बरं वाटतं. पायरोडेक्सच्या वडीची काळी बाजू प्रायमरकडे, म्हणजे खाली ठेवायची. माझी नाराजी एवढीच की वडीने माप बारीक बदलता येत नाही. शंभर नाहीतर दीडशे. नळीला पंच्याऐंशी मानवत असेल तर ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

आणि विमानाने कोलोरॅडोला निघालात तर दारू आणि केप दोन्ही घरी ठेवा. हातातल्या सामानात नाही, चेक-इनमध्येही नाही. तिथे उतरून विकत घ्यायची.

पायरी चौथी : माप

काळी दारू आकारमानाने मोजतात, वजनाने नाही. पितळी नळीचं सरकतं माप मिळतं, पंधरा-वीस डॉलरला. त्यावरच्या ग्रेनच्या खुणा म्हणजे तेवढ्या ग्रेन काळ्या दारूला लागते ती जागा. पर्यायी दारवा हलक्या असतात. ब्लॅकहॉर्नचं मापातलं शंभर म्हणजे तराजूवर सत्तर. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर कुणी तिचे शंभर ग्रेन वजन करून भरले तर त्याने दारू चाळीस टक्के जास्त घातली. ही चूक हुशार माणसंच करतात, कारण त्यांना वाटतं वजन केलं म्हणजे अचूक झालं.

माप भरा, बोटाने दोनदा टिचकी मारा, वरचं निपटून काढा. प्रत्येक वेळी तितक्याच टिचक्या. आणि डब्यातून थेट नळीत कधी ओतायची नाही. आधीच्या बारातला एखादा निखारा आत राहिलेला असला तर पेटताना माप हातात असावं, डबा नव्हे.

किती? ५० कॅलिबर, गोल गोळी : ५० ग्रेनपासून सुरू करा. हरणासाठी बहुतेक नळ्या दोन एफच्या ७० ते ९० च्या दरम्यान कुठेतरी स्थिरावतात. ५० कॅलिबर, सॅबो : ८० पासून सुरू, शंभराच्या आसपास थांबायचं. जड कॉनिकल : ७० ते ९०. सगळ्यात वरची मर्यादा तुमच्या बंदुकीच्या पुस्तिकेत दिलेली असते, तिच्यापुढे जायचं नाही. पुस्तिका हरवली असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर मिळते. कंपनी बंद पडली असेल तर जाणकार बंदूक कारागिराला नळी दाखवल्याशिवाय बारच भरू नका.

दीडशे ग्रेनचा 'मॅग्नम' बार जाहिरातीत छान दिसतो. खात्री करायची असेल, आणि तुमच्या बंदुकीच्या पुस्तिकेत तेवढा बार चालत असेल, तर बर्फ पडल्यावर रेंजवर जाऊन तो एकदा उडवून बघा. नळीच्या तोंडापुढच्या पांढऱ्या बर्फावर काळे दाणे विखुरलेले दिसतील. ती न जळलेली दारू. तिचे पैसे तुम्ही दिलेत, तिचा धक्का खांद्याने खाल्ला, आणि गोळीला तिचा उपयोग झालाच नाही. एका पाउंडात ७००० ग्रेन असतात. सत्तरच्या मापाने शंभर बार, दीडशेच्या मापाने सेहेचाळीस.

पायरी पाचवी : रेंजवर, वही घेऊन

पेन्सिल्व्हेनियात स्टेट गेम लँड्सवर, म्हणजे राज्याच्या शिकारीच्या जमिनींवर, सार्वजनिक रेंज आहेत, शिकारीचा परवाना असेल तर वापरता येतात. शनिवारी गर्दी असते. मंगळवारी सकाळी जा.

पन्नास यार्डांवर कागद लावा, बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवा. सुरुवातीच्या मापाने तीन बार काढा. प्रत्येक बारानंतर एक ओला आणि एक कोरडा फडका नळीतून फिरवा, म्हणजे प्रत्येक गोळीला सारखीच नळी मिळेल. तीन भोकांतलं अंतर वहीत लिहा. मग माप पाच ग्रेनने वाढवा. पुन्हा तीन. असं करत जा. एका ठिकाणी भोकं जवळ येतात, पुढे वाढवलं की परत पांगतात. जवळ आली होती तिथे थांबायचं. माझी चकमकीची बंदूक ७५ वर थांबली. ८० ला तिला राग येतो.

एका वेळी एकच गोष्ट बदला. दारू बदलली तर गोळी तीच, पॅच तोच. नाहीतर वहीत आकडे भरपूर जमतात आणि कळत काहीच नाही.

गोल गोळीवाल्यांसाठी खरी गंमत पुढे आहे. बार झाल्यावर रेंज थंड झाली, सगळ्यांनी बंदुका खाली ठेवल्या, की पुढे चालत जा आणि जमिनीवर पडलेले पॅच गोळा करा. नळीपासून दहा-पंधरा पावलांवर सापडतात. हातात घेऊन उलगडा. मधे गोळीचा काजळीचा गोल ठसा आणि भोवती आट्यांच्या रेघा, कडा किंचित झिरझिरीत, म्हणजे सगळं ठीक. मधोमध जळून भोक पडलं असेल तर तेल कमी किंवा कापड पातळ. रेघांवरच सुरीने कापल्यासारखे चिरले असतील तर नळीच्या कडा धारदार आहेत. नव्या नळीत असं होतं, काही डझन बारांनंतर कमी होतं. चिंध्या झाल्या असतील तर दारू कमी करा किंवा जाड कापड घ्या. आमच्या क्लबातला एक सत्तरीचा म्हातारा माझा कागद बघायचाच नाही. "पॅच आण," म्हणायचा. पॅच नाकाजवळ धरून वास घ्यायचा आणि सांगायचा, पाच ग्रेन उतर.

सॅबोवाल्यांनी दोन बारांमध्ये नळी थंड होऊ द्यावी. तापलेल्या नळीत प्लास्टिक मऊ पडतं आणि गोळ्या भटकतात. जंगलात तुमचा पहिला बार थंड नळीतूनच जाणार आहे, म्हणून रेंजवरही तोच महत्त्वाचा.

आता अंतर. हरणाच्या हृदय-फुप्फुसांची जागा साधारण आठ इंचांची, म्हणजे लग्नातल्या कागदी प्लेटपेक्षाही लहान. ज्या अंतरावर तुम्ही गुडघ्यावर बसून, टेका न घेता, पाचपैकी पाच गोळ्या त्या आठ इंचांत घालू शकता ते तुमचं अंतर. सॅबो शंभर यार्डांवर दोन-अडीच इंच वर लावून ठेवली तर दीडशेला साधारण तीन-चार इंच खाली पडते, तिथपर्यंत चालतं. गोल गोळी पन्नासवर लावा, मग पंचाहत्तर आणि शंभरवर ती किती खाली जाते ते कागदावरच बघा. माझं अंतर साठ आहे. बंदुकीचं जास्त असेल.

पायरी सहावी : बार भरण्याची शिस्त

रिकाम्या नळीत गज सोडा आणि तोंडाशी येतो तिथे टेपची खूण करा. मग ठरलेला बार भरून दुसरी खूण. या दोन खुणा तुम्हाला अंधारातही सांगतात की नळी रिकामी आहे, भरलेली आहे, का चुकून दोनदा भरली गेली आहे. गोळी पूर्ण खाली, दारूवर घट्ट बसेपर्यंत ठासायची. खूण वर राहिली असेल तर चाप ओढायचा नाही.

क्रम ठरलेला : दारू, पॅच आणि गोळी, गज, आणि सगळ्यात शेवटी केप, प्रायमर किंवा रंजक. मी एकदा गप्पांच्या नादात दारूच विसरलो आणि गोळी तळाशी ठासून बसवली. सगळे हसले, कारण प्रत्येकाचं एकदा झालेलं असतं. चकमकीच्या बंदुकीत उपाय सोपा आहे. बंदुकीच्या कानाच्या, म्हणजे वाटीतून नळीत आग जाते त्या छिद्रातून सुईने चार एफचे थोडे दाणे आत सारायचे, गोळी तळाशी टेकलेली आहे याची गजाने खात्री करायची, गज बाहेर काढायचा, आणि सुरक्षित दिशेला उडवायचं. गोळी 'फुस्स' करून बाहेर येते.

रंजक वाटीत तिसरा हिस्सा ते अर्धी, कानाचं छिद्र झाकेल इतकी नाही. छिद्र बुजलं तर ती वातीसारखी जळत आत जाते आणि तुमच्या नेमाची वाट लागते.

चाप ओढला आणि बार झाला नाही तर बंदूक खाली करायची नाही. तोंड सुरक्षित दिशेला ठेवून पूर्ण एक मिनिट मनात मोजायचं. उशिरा पेटणारा बार खरंच उशिरा पेटतो.

ठासणीच्या बंदुकीचा खरा शत्रू ओल. सकाळी थंडीत भिजलेली बंदूक दुपारी गरम गाडीत ठेवली की नळीत दव धरतं आणि संध्याकाळी फुसका बार. बंदूक थंडच ठेवा. केप, प्रायमर किंवा रंजक काढून गाडीच्या मागच्या भागात ठेवायची. बहुतेक राज्यांत गाडीत ती काढलेली असणं कायद्यानेही लागतं. तोंडावर इलेक्ट्रिकल टेपचा छोटा तुकडा लावला तर पाऊस-बर्फ आत जात नाही. चकमकीच्या बंदुकीची रंजक धुक्यात दर अर्ध्या तासाने बदला, तिचा चिखल होतो.

बार झाल्यावर

समोर पांढऱ्या धुराची भिंत उभी राहते आणि हरीण दिसत नाही. खाली वाका, धुराखालून बघा. शेपटी खाली घालून पळालं का, कुठल्या झाडाशेजारून गेलं, हे लक्षात ठेवा. मग जागेवरून हलण्याआधी दुसरा बार भरा. हात थरथरत असतात, म्हणून गजाची खूण बघा. अर्धा तास थांबा. गोल गोळीचं भोक एकच असलं तर रक्ताचा माग बारीक असतो, घाई केली तर उठून लांब जातं आणि तुम्ही रात्री टॉर्च घेऊन काट्यांतून फिरता.

घरी आल्यावर हरणाआधी बंदूक. काळ्या दारूची काजळी हवेतलं पाणी ओढते आणि एका रात्रीत नळी गंजते. गरम पाणी, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, नळी त्यात उभी करून गजाने फडका वर-खाली, पाणी स्वच्छ येईपर्यंत. ब्लॅकहॉर्नला मात्र पाणी नको, त्याला बंदुकीचं सॉल्व्हंट लागतं. कोरडं करून तेलाचा हात. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा व्हायच्या आधी पुन्हा एक पांढरा फडका नळीतून काढायचा. तो तांबूस आला तर परत पहिल्यापासून.